एफवायच्या पेपरची तयारी कुठून सुरू करावी? (३० तास, चार युनिट आणि गेल्या वर्षीचा आर = १.४२)

गोदाकाठची | २८ जून, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी तासिका तत्त्वावर संख्याशास्त्र शिकवते. हे माझं दुसरं वर्ष. एफवाय बीएस्सीचा वर्णनात्मक संख्याशास्त्राचा दोन क्रेडिटचा पेपर पुन्हा माझ्याकडे आलाय. एका क्रेडिटला १५ तास, म्हणजे कागदावर ३० तास. युनिट चार: माहितीचे प्रकार आणि नमुना निवड, मध्य-मध्यक-बहुलक, विचलन, आणि शेवटी सहसंबंध (दोन गोष्टींचे आकडे एकमेकांबरोबर किती बदलतात ते).

गेल्या वर्षी मी पुस्तक पहिल्या पानापासून उघडलं. संख्याशास्त्राची व्याख्या, व्याप्ती, मर्यादा, इतिहास यातच पाच तास गेले. पुढे गणपती, युवा महोत्सव, एनएसएस, सीनियरच्या परीक्षेचं सुपरव्हिजन. सहसंबंधाला दोनच तास उरले. स्लाइड लावल्या, सूत्र दिलं, एक गणित सोडवून दाखवलं आणि पोर्शन पूर्ण झाला अशी सही केली.

मग पेपर तपासायला बसले. अकरा उत्तरपत्रिकांत आरची, म्हणजे सहसंबंध मोजणाऱ्या आकड्याची, किंमत १ च्या वर. एका मुलाने अगदी नीट आकडेमोड करून १.४२ काढलं होतं, त्याखाली पट्टीने दोन रेघा मारल्या होत्या आणि लिहिलं होतं, 'म्हणून सहसंबंध अतिशय चांगला आहे.' त्या दोन रेघा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाहीत. मुलगा मेहनती आहे. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हा आकडा १ च्या पुढे जाऊच शकत नाही. सांगितलं असेन मी, पण ते त्याच्यापर्यंत पोचलं नाही.

कॉलेज सुरू व्हायला अजून वेळ आहे. या वेळी आधी नीट आखणी करायची आहे. टीचिंग प्लॅनचा फॉर्म भरणं वेगळं, ते मला येतं. खरी तयारी कुठून सुरू करता तुम्ही?

---

जुनाखडू | २९ जून, सकाळी ७:१५

ताई, आज २९ जून. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिसांचा जन्मदिवस, म्हणून आपल्याकडे संख्याशास्त्र दिन. प्रश्न चांगल्या मुहूर्तावर विचारलात.

मी ३१ वर्षं शिकवून निवृत्त झालो. विषय भौतिकशास्त्र होता, पण आखणीचं दुखणं सगळीकडे सारखंच. माझं उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे. सुरुवात त्या १.४२ पासून करा.

म्हणजे असं. कोरा कागद घ्या. पुस्तक आणि सिलॅबस दोन्ही बाजूला ठेवा. दिवाळीच्या सुट्टीला घरी जाणारा तुमचा मुलगा काय करू शकला पाहिजे, एवढंच लिहा. पाच-सहा वाक्यं पुरे. 'सहसंबंध समजेल' असं लिहू नका, कारण समजलं की नाही हे तुम्हालाही तपासता येत नाही आणि त्यालाही. असं लिहा: 'विखुरचित्र (ठिपक्यांचा आलेख) पाहून आर साधारण किती असेल याचा अंदाज बांधेल, मग आकडेमोड करेल, आणि दोन्ही जुळले नाहीत तर चूक शोधेल.' या वाक्यात तुमचा १.४२ वाला मुलगा वाचला. कोर्स आउटकम नावाचा जो रकाना आपण नॅकसाठी (कॉलेजच्या मूल्यांकनासाठी) भरतो, त्याचा मूळ हेतू हाच आहे. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम यांनी १९५६ मध्ये शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या त्याही यासाठीच, की आठवणं, वापरणं, पारखणं यांतला फरक शिक्षकाच्या डोक्यात स्पष्ट असावा. आपण फॉर्ममध्ये क्रियापदं चिकटवतो आणि फाइल बंद करतो.

ही वाक्यं झाली की लगेच प्रश्नपत्रिका काढा. होय, जूनमध्येच. प्रत्येक वाक्याला एक प्रश्न. प्रश्न सुचला नाही तर ते वाक्य पोकळ आहे.

तिसरं काम तासांचा खरा हिशेब. गेल्या वर्षीची डायरी काढा आणि प्रत्यक्ष किती तास झाले ते मोजा. ३० धरून आखणी केली तर ती गणपतीतच कोसळते.

मग पुस्तक उघडा. आता ते वेगळं दिसेल. त्यातली काही पानं त्या पाच-सहा वाक्यांना काहीच देत नाहीत, ती घरी वाचायला. काही पानं अपुरी पडतील, तिथे तुमची भर.

---

गोदाकाठची | २९ जून, दुपारी १:०५

सर, मनापासून आभार. आत्ता डायरी काढून मोजलं. ३० पैकी २१ तास झाले होते. आणि त्यातले ४८ मिनिटांचे पूर्ण किती, हा प्रश्न वेगळाच. हजेरी, परिपत्रकं, स्कॉलरशिपचे फॉर्म यात दहा मिनिटं सहज जातात.

---

सुपरव्हायझर_२ | २९ जून, दुपारी ३:३०

जरा विरोधी सूर लावतो. बाहेरची परीक्षा विद्यापीठाच्या पेपरवर होते आणि पेपर चारही युनिटवर समान गुणांचा येतो. 'ही पानं घरी वाचा' म्हटलं की आमच्याकडची मुलं वाचत नाहीत, आणि व्याख्या-व्याप्तीवर पाच मार्कांचा प्रश्न हमखास असतो. त्या पाच मार्कांवर पास-नापास ठरणारी मुलं वर्गात आहेत. त्यांचं काय? आखणी सुंदर आणि मुलगा नापास, असं होऊ नये.

---

जुनाखडू | २९ जून, सायं. ५:५०

रास्त मुद्दा आहे, मी नीट लिहायला हवं होतं. युनिट सोडायचं नाही, पण सगळ्यांना सारखे तास वाटून द्यायचे नाहीत. गुण समान आहेत म्हणून वेळ समान लागत नाही. व्याप्ती-मर्यादा हा पाठ करायचा भाग, त्याला एक तास आणि एक पानाची टिपणं पुरतात. सहसंबंध हा हाताने आणि डोळ्याने शिकायचा भाग, त्याला सहा तास लागतील. पाच मार्कांचा प्रश्न त्या एका पानावरून मुलं लिहितात. एवढंच की ते पान तुम्ही तयार करून द्यायचं, 'पुस्तकात बघा' म्हणायचं नाही.

---

प्रयोगवही | २९ जून, रात्री ९:२०

मी संख्याशास्त्रातलीच, पुण्याजवळच्या एका कॉलेजात. ताई, तुम्ही नाशिक जिल्ह्यात आहात म्हणजे तुमच्या हाताशी सोनं आहे: कांद्याचे बाजारभाव.

बाजार समिती रोज तीन आकडे देते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. वर्गात विचारा, सर्वसाधारण म्हणजे काय? बहुतेक मुलं म्हणतील सरासरी. काही जण किमान आणि कमाल यांची बेरीज करून दोनने भागतील. अ‍ॅगमार्कनेट या बाजारभावांच्या सरकारी संकेतस्थळावर हाच आकडा 'मोडल प्राइस' म्हणून दिसतो, म्हणजे ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला तो. आपला बहुलक!

मी वर्गात सहा ट्रॅक्टरचा लिलाव मांडते. भाव क्विंटलला: ७००, १५५०, १६००, १६००, १६००, १६५०. मध्य काढला तर १४५०. मध्यक १६००, बहुलक १६००. मग विचारते, १४५० भावाने एक तरी ट्रॅक्टर गेला का? वर्ग एकदम शांत होतो. मग मागून कुणीतरी म्हणतं, 'मॅडम, तो ७०० वाला माल भिजलेला असणार.' तिथून पुढे टोकाच्या आकड्याचा मध्यावर काय परिणाम होतो हे मला शिकवावं लागत नाही, मुलंच मला सांगतात.

एक गोष्ट मात्र माझ्या अनुभवाची. उदाहरण तासाच्या शेवटी 'उपयोग' म्हणून देऊ नका. तास तिथूनच सुरू करा, सूत्र मागून येऊ दे. आपण उलटं करतो: व्याख्या, सूत्र, गुणधर्म, आणि घंटा व्हायला पाच मिनिटं असताना उदाहरण.

सहसंबंधासाठी संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन्सकोम यांची चार उदाहरणं घ्याच. १९७३ ची आहेत. चार वेगवेगळ्या माहितीसंचांत एक्सचा मध्य ९, वायचा ७.५, आर सगळीकडे साधारण ०.८२, रेषेचं समीकरणही तेच. आणि आलेख काढला की एकात ठिपके रेषेभोवती, दुसऱ्यात सरळ सरळ वक्र, तिसऱ्यात एकच ठिपका सगळ्यांना ओढतोय, चौथ्यात जवळजवळ सगळे ठिपके एका उभ्या ओळीत. मी वर्गाचे चार गट करते, प्रत्येकाला एक संच, दुसऱ्याचा बघायचा नाही. आधी आकडे फळ्यावर येतात, सगळ्यांचे सारखे. मुलांना वाटतं मी एकच गणित चौघांना दिलं. मग आलेखाचे कागद शेजारी शेजारी लावायचे. हा तास मी कधीच कापत नाही, बाकी काहीही कापते.

---

खटावकर | २९ जून, रात्री १०:०२

युनिट एकसाठी एक सुचवतो. डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे आमच्या खटाव तालुक्यातल्या बुध गावचे, जन्म १९११. नमुना निवडीतलं जगभर मानलं गेलेलं नाव. पीक कापणी प्रयोगासाठी (शेतातला एक तुकडा कापून उत्पन्नाचा अंदाज काढण्यासाठी) तुकडा केवढा घ्यावा यावर त्यांचा आणि महालनोबिसांचा मोठा वाद झाला होता. सुखात्म्यांचं म्हणणं, तुकडा फार लहान घेतला तर उतारा खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, कारण काठावरची रोपं आत धरण्याकडे कापणाऱ्याचा हात वळतो. शेतकऱ्याच्या पोराला हे एका मिनिटात पटतं. पीकविम्यामुळे पीक कापणी प्रयोग हा शब्द त्यांच्या घरात असतोच. 'नमुना निवडीतील दोष' या मथळ्याखाली सहा मुद्दे लिहून देण्यापेक्षा हे एक शेत पुरेसं आहे.

---

बाकतिसरा | २९ जून, रात्री ११:३०

मी टीवायला आहे, इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. दहावीपर्यंत मराठी माध्यम, नंतर सायन्स.

एफवायला मॅडम 'डिस्पर्शन, डिस्पर्शन' म्हणायच्या. मी दोन महिने तो शब्द नुसता लिहून घेतला. गणितं येत होती, मार्कही मिळाले. एसवायला दुसरे सर आले, त्यांनी फळ्यावर दोन ओळीत ठिपके काढले आणि म्हणाले, 'दोघांचा मध्य एकच आहे, पण पसारा बघा.' पसारा! तेवढ्या एका शब्दाने मागचं सगळं वर्ष लागलं. पेपर इंग्रजीत लिहायचा हे माहीत आहे, इंग्रजी शब्द आम्ही शिकू. पण पहिल्यांदा एकदा आमच्या भाषेत सांगा. आणि विचारल्याशिवाय सांगा, कारण आम्ही विचारत नाही.

अजून एक. पहिल्या दिवशी कुणीच सांगत नाही की इंटर्नल कधी आहे, कशावर आहे. आदल्या दिवशी ग्रुपवर मेसेज येतो. बसने येणाऱ्यांचं फार अवघड होतं.

---

गोदाकाठची | ३० जून, सकाळी ६:५०

बाकतिसरा, तू लिहिलंस हे फार बरं केलंस. मी प्लॅनच्या कागदावर एक नवा रकाना आखलाय: प्रत्येक तासाचा 'घरचा शब्द'. विचलनाला पसारा. मध्यकाला रांगेतला मधला. दहावीच्या पुस्तकात मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द त्यांनी वाचलेलेच आहेत. मी गेल्या वर्षी ते जणू नव्यानेच आणले.

---

दूरदेशी_मास्तर | ३० जून, सकाळी ८:४०

मी अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात शिकवतो. इथे पहिल्या तासाला प्रत्येकाच्या हातात कोर्सचा कागद द्यावा लागतो: आठवड्यांचे विषय, चाचण्यांच्या तारखा, गुणांची विभागणी, शिक्षक कधी भेटतील. मुलं त्यावर शिक्षकाला धरू शकतात. बाकतिसराने जे मागितलंय ते हेच. एका पानाची झेरॉक्स पुरेल, वर्गाच्या ग्रुपवर फोटो टाकला तरी चालेल. फक्त एकदा तारीख दिली की ती हलवू नका.

तयारीत आणखी एक भर. दर आठवड्याला पाच मिनिटांची, गुण नसलेली, वही बंद ठेवून आठवायची चाचणी आधीच आखून ठेवा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं की तोच मजकूर पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, पण आठवड्यानंतर पारडं फिरतं. ज्यांनी न बघता आठवून लिहिलं होतं ते पुढे जातात. आपली मुलं परीक्षेच्या आदल्या रात्री वाचत बसतात आणि येतंय असं वाटत राहतं, त्याचं कारण हेच. चाचणीत जुना प्रश्न जरूर घाला. सहसंबंध चालू असताना मध्यकाचा.

---

रोजंदार | ३० जून, दुपारी १२:१५

सगळं पटतंय, पण एक गोष्ट इथे लिहिलीच पाहिजे. तासिका तत्त्वावर पैसे वर्गात उभं राहिल्याच्या तासाचे मिळतात. ही आखणी, प्रश्नपत्रिका, आलेखाचे कागद, चाचण्या तपासणं, याचा एक पैसा नाही. सुट्टीचे महिने कोरडे. मी दोन कॉलेजांत मिळून चार पेपर घेतो. चारही पेपर असे आखायचे ठरवले तर झोपायचं कधी? ज्यांना करता येत नाही त्यांच्यात जीव नाही असं कुणी समजू नये. माझा जीव तुटतो.

---

प्रयोगवही | ३० जून, दुपारी २:००

रोजंदार सर, तुमचं शंभर टक्के खरं आहे. मी सुद्धा सहा वर्षं तशीच काढली. तेव्हा मी एवढंच ठरवलं होतं: वर्षाला एकच पेपर नीट, आणि त्यातही तीनच तास अगदी बारकाईने. बाकीचे नेहमीसारखे. पुढच्या वर्षी आणखी तीन. चौथ्या वर्षी पेपर उभा राहिला. आणि शेजारच्या तालुक्यातल्या मैत्रिणीबरोबर वाटून घ्यायचे, दोन युनिट तिची, दोन माझी. सिलॅबस एकच असतो, मग प्रत्येकाने एकट्याने का कुटायचं?

---

गोदाकाठची | ६ जुलै, रात्री ९:४५

आठवडाभर बसून आखलंय. तपासून द्या.

एकूण तास २२ धरले. त्यातले दोन कोरे, बुडालेल्या तासांसाठी. सहसंबंध शेवटी ठेवलाच नाही, त्याची पहिली झलक दुसऱ्या आठवड्यात: वर्गातल्या मुलांचं घर ते कॉलेज अंतर आणि निघण्याची वेळ, फक्त ठिपके, सूत्र नाही. युनिट एकला तीन तास, त्यात बुधच्या सुखात्म्यांचं शेत. युनिट दोनला पाच, सुरुवात कांद्याच्या लिलावाने. विचलनाला सहा. सहसंबंधाला सहा, त्यात अ‍ॅन्सकोमचा एक आणि 'चूक शोधा'चा एक. त्या तासाला मी मुद्दाम चुकलेली तीन उत्तरं फळ्यावर लिहिणार आहे, पहिलं १.४२. आर काढताना कोव्हेरियन्सला (दोन्ही आकड्यांच्या एकत्र चढउताराच्या मापाला) एनने, म्हणजे जोड्यांच्या संख्येने, भागायचं राहिलं की असं होतं, हे त्यांनी शोधायचं.

चाचण्यांच्या तारखा आमच्या विभागप्रमुखांना दाखवून पक्क्या केल्या. प्रश्नपत्रिका काढली. काढताना लक्षात आलं की माझ्या सहा वाक्यांतल्या दोघांना प्रश्नच सुचत नव्हता. ती खोडली.

---

जुनाखडू | ७ जुलै, सकाळी ७:३०

छान झालंय. एक सुधारणा सुचवतो. पहिल्या तासाचं तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. तो तास ओळख आणि सूचना यात घालवू नका. पहिल्याच दिवशी त्यांनी हाताने काहीतरी मोजलेलं असू दे. अंतराचे ठिपके दुसऱ्या आठवड्यात आहेत, तर ते अंतर पहिल्याच तासाला प्रत्येकाकडून चिठ्ठीवर घेऊन ठेवा. पुढचे चार महिने तीच माहिती वापरा: तिचाच मध्यक, तिचाच पसारा. आणि फळ्याचेही तीन भाग आखून घ्या. डावीकडे त्या दिवसाचा प्रश्न, तो शेवटपर्यंत पुसायचा नाही. मधे आकडेमोड. उजवीकडे शब्द, दोन्ही भाषांत.

---

सुपरव्हायझर_२ | ७ जुलै, सकाळी ११:१०

आमच्या एफवायच्या शिक्षकांना हा धागा पाठवला आहे. ताई, तुमची हरकत नसेल तर ते एक पानाचं टिपण इथे टाका.

---

गोदाकाठची | २१ ऑगस्ट, रात्री १०:१५

धागा वर काढतेय. टिपण धाग्याला जोडलं आहे, सर. ठरल्याप्रमाणे सात तास व्हायला हवे होते, सहा झाले. कोरा ठेवलेला एक तास कामी आला.

आज लिलावाचा तास होता. १४५० भावाने एकही ट्रॅक्टर गेला नाही म्हटल्यावर वर्ग खरंच शांत झाला. शेवटची चार मिनिटं राखून ठेवली होती. सगळ्यांना अर्धा कागद दिला: आज काय कळलं नाही ते लिहा, नाव घालू नका. बहुतेकांनी लिहिलं की आकड्यांची संख्या सम असली तर रांगेतला मधला कुठला. ते अपेक्षित होतं, उद्या पहिल्या पाच मिनिटांत घेईन.

एक चिठ्ठी मात्र वेगळी होती. निळ्या शाईत, बारीक अक्षरात: 'आमच्या पट्टीवर ७०० लागले होते. सर्वसाधारणमध्ये ते दिसत नाही. मग ते कुठे दिसतं?'

पट्टी म्हणजे बाजार समितीतली विक्रीची पावती. मी ती चिठ्ठी तीन-चार वेळा वाचली. विचलनाला अजून दोन आठवडे आहेत प्लॅनमध्ये. काय करू? थांबू की उद्याच घेऊ?

---

प्रयोगवही | २१ ऑगस्ट, रात्री १०:३२

उद्याच घ्या, ताई. प्लॅन तुम्हीच केलाय, तुम्हीच हलवू शकता. चाचणीच्या तारखा तेवढ्या हलवू नका.

---

जुनाखडू | २२ ऑगस्ट, सकाळी ६:२०

घ्या. चिठ्ठी कुणाची ते शोधू नका, वर्गात विचारूही नका. घरच्या पट्टीची गोष्ट आहे.

---

गोदाकाठची | २२ ऑगस्ट, सकाळी ८:५५

९:३६ ला तास आहे. फळ्याच्या डाव्या भागात प्रश्न लिहिणार आहे, '७०० कुठे दिसतं?' आणि उजवीकडे पहिला शब्द, पसारा.